पावसासाठी मेंबर जमवणारे सायमन्स

मी बीडचा. आमच्याकडे एका शिवारात धो-धो पाऊस, शेजारी ठणठणाट. ॲपवर मात्र दोन्हीकडे एकच ढग! त्यात पाऊस मोजणारी ठिकाणं विरळ.

हीच अडचण लंडनच्या जॉर्ज सायमन्स (१८३८–१९००) यांनी सोडवली. १८६० च्या त्यांच्या पहिल्या अहवालात १६८ ठिकाणं होती. त्यांनी पेपरात पत्रं लिहून बिनपगारी मेंबर जोडले, मोजायची एकच पद्धत लावली, दरवर्षी नोंदी मोजणाऱ्यांच्या नावानिशी छापल्या. ठिकाणं तीन हजारांवर गेली! १८८० मध्ये ते ब्रिटनच्या मेटिओरॉलॉजिकल सोसायटीचे अध्यक्षही झाले.

आपल्या तहसील कचेऱ्यांत वर्षानुवर्षं वापरलेलं साधं पर्जन्यमापक त्यांच्याच नावाचं. ॲपचा अंदाज खरा ठरला का, हे आजही जमिनीवर मोजलेला पाऊसच सांगतो.