वाट चुकलेला पक्षी आणि डॉ. सलीम अली

पावसाळ्यातील एखाद्या वादळानंतर, किंवा ऐन स्थलांतराच्या दिवसांत, आपल्या मुलखात कधी न दिसणारा पक्षी अचानक येऊन उतरतो. जोराचा वारा खुल्या समुद्रावरील पक्ष्यांना जमिनीवर आणून टाकतो. पहिल्याच प्रवासाला निघालेली कोवळी पाखरे दिशा चुकतात. अशा पाहुण्याचे सर्वांनाच अप्रूप वाटते. परंतु तो पाहुणाच आहे, हे ठरवायचे कशावरून? घरची माणसे ठाऊक असतील, तरच परका ओळखता येतो. भारतीय पक्ष्यांची ही घरची मोजदाद ज्यांनी जन्मभर केली, ते डॉ. सलीम अली होत.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईस झाला. आईवडिलांचे छत्र लवकरच हरपले व मामांनी त्यांचा सांभाळ केला. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने मारलेली एक पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथील सचिव मिलार्ड यांनी त्याला पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखविला आणि आयुष्याची दिशा ठरली. पुढे त्यांनी बर्लिनला प्राध्यापक स्ट्रेसमान यांच्याकडे शिक्षण घेतले. पण परत आल्यावर हाती नोकरी नव्हती. तेव्हा त्यांनी सोसायटीपुढे एक प्रस्ताव ठेवला : संस्थानांनी प्रवासखर्च द्यावा, आपण बिनपगारी पक्षीगणना करू.

त्यातून १९३१ मध्ये हैदराबाद संस्थानाची पाहणी सुरू झाली. तेलंगण, मराठवाडा आणि कन्नड जिल्हे तेव्हा एकाच संस्थानात होते. पत्नी तेहमिना यांच्यासह त्यांनी बैलगाडीच्या वाटा आणि रानातील मुक्काम पत्करले. कोणता पक्षी कोठे, कोणत्या महिन्यात, किती संख्येने, हे त्यांनी नोंदविले. ही नोंद सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. या प्रदेशात उद्या कोणी नवखा पक्षी पाहिला, तर त्याला ताडून पाहण्यास आधार मिळाला तो येथे.

नोंद खोटी असली तर काय होते, याचे उदाहरण आपल्या खानदेशातच आहे. १९३७ च्या अफगाणिस्तान सफरीत सलीम अलींचे सहकारी असलेले कर्नल माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ रानपिंगळा मिळविल्याचे सांगितले होते. ती नोंद अनेक दशके खरी मानली गेली. पुढे उघड झाले, की तो नमुना मुळात दुसऱ्याने जमविलेला, चोरलेला होता आणि त्यावरील चिठ्ठी बनावट होती. पक्षी भरकटला नव्हता. भरकटविले होते शोधणाऱ्यांना. अखेर १९९७ मध्ये, ११३ वर्षांनंतर, शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा सापडला. डॉ. अली हे पाहण्यास नव्हते. २० जून १९८७ रोजी ते निवर्तले होते.

१९५६ मध्ये हैदराबाद राज्याचे तीन भाषांत वाटप झाले. पाखरांना त्याची खबर नाही. पण नोंद आता तीन ठिकाणच्या विद्यार्थ्यांनी मिळून पुढे न्यावयाची आहे. दुर्मीळ पाहुण्याची वाट पाहत बसण्याची गरज नाही. महाविद्यालयाच्या आवारातील साळुंकी, बुलबुल आणि कोतवाल यांची वर्षभर तारीखवार वही ठेवावी. परका पक्षी आलाच, तर त्याची ओळख हीच वही पटवून देईल.