डबक्यातली अंडी वर्गात आणणाऱ्या अ‍ॅना कॉमस्टॉक, ज्यांचं प्रोफेसरपद काढून घेतलं गेलं

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात हिवाळा संपला की जंगलातल्या सखल जागी बर्फाचं आणि पावसाचं पाणी साचतं. उन्हाळ्यात ही डबकी आटतात. म्हणून त्यांत मासे टिकत नाहीत, आणि मासे नाहीत म्हणूनच काही बेडूक आणि सॅलॅमँडर अंडी घालायला नेमकी हीच जागा गाठतात. अट एकच, पाणी आटायच्या आत पिल्लांना पाय फुटले पाहिजेत.

असं जग शाळकरी पोरांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं म्हणून अ‍ॅना बॉट्सफर्ड कॉमस्टॉक आयुष्यभर झटल्या.

त्यांचा जन्म १८५४ चा, याच राज्यातल्या शेतकरी घरातला. १८७८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ जॉन हेन्री कॉमस्टॉक यांच्याशी लग्न झालं. नवऱ्याच्या पुस्तकांसाठी त्या कीटकांची चित्रं लाकडावर कोरायच्या.

१८९० च्या दशकात शेतीत मंदी आली आणि तरुण पोरं शहराकडे पळू लागली. लहानपणीच शिवाराची गोडी लागली तर ती गावात थांबतील, असा विचार पुढे आला. १८९५ मध्ये काही शाळांत निसर्गाभ्यास सुरू झाला. पण खरी अडचण होती शिक्षकांची, कारण त्यांनाच यातलं फारसं येत नव्हतं.

त्यांच्यासाठी अ‍ॅनांनी १९११ मध्ये ‘हँडबुक ऑफ नेचर स्टडी’ काढलं. पानं ९०० हून जास्त! पुस्तक तोट्यात जाणार, असं नवऱ्याला वाटत होतं. त्याच्या वीसहून जास्त आवृत्त्या निघाल्या.

यातले धडे उत्तरं कमी देतात, प्रश्न जास्त विचारतात. भेकाची अंडी माळेसारखी आणि बेडकाची पुंजक्यात का दिसतात? बेडूकमाशाला आधी पुढचे पाय फुटतात की मागचे? वर्गात पसरट भांड्यात डबक्यातला चिखल, दगड, पाणवनस्पती आणि तिथलंच पाणी घालायचं, अंडी ठेवायची आणि रोज बघायचं. एखादी गोष्ट येत नसेल तर शिक्षकाने बिनधास्त तसं सांगावं, हेही त्यात आहे. त्या काळच्या मास्तरांना हे किती जड गेलं असेल!

कॉर्नेलने मात्र त्यांना असिस्टंट प्रोफेसर केलं आणि लगेच माघार घेतली. बाई प्रोफेसर म्हणून काही ट्रस्टींना चालेना. त्यांना लेक्चरर करण्यात आलं. जुनं पद परत मिळालं १९१३ मध्ये आणि पूर्ण प्रोफेसरपद १९२० मध्ये, पासष्टीला. दोन वर्षांत निवृत्तीच आली. तरी २४ ऑगस्ट १९३० रोजी मृत्यू येईपर्यंत त्यांनी शिकवणं काही सोडलं नाही.