जुन्या बटणांच्या फोनमधली ती तार कशासाठी असते? उत्तर एका अंत्यसंस्कारवाल्याकडे आहे

माळा साफ करताना जुना बटणांचा लँडलाईन सापडला, की काही जणांना तो उघडून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. आत एक सर्किट बोर्ड असतो आणि त्यावर इथून तिथे सोल्डर केलेले तारेचे छोटे तुकडे. त्यांना लिंक किंवा जंपर म्हणतात. बऱ्याचदा त्यांच्याशेजारी कसलीही माहिती छापलेली नसते.

मग ही तार काढली तर काय होईल?

हे समजून घ्यायचं तर आधी अल्मन स्ट्राउजर या माणसाला भेटावं लागेल.

स्ट्राउजरचा जन्म १८३९ साली अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या पेनफिल्डचा. अमेरिकन यादवी युद्धात तो घोडदळात लढला, नंतर शाळामास्तर झाला आणि शेवटी अंत्यसंस्काराची व्यवस्था करून देण्याच्या धंद्यात पडला.

त्या काळी फोन लावायचा म्हणजे एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरला सांगायचं आणि ती हाताने वायर जोडून द्यायची. झालं असं की, स्ट्राउजरकडे येणारे कॉल कमी होत गेले. प्रतिस्पर्ध्याची बायकोच ऑपरेटर होती आणि ती गिऱ्हाईक नवऱ्याकडे वळवायची, असा किस्सा सांगतात. तो कितपत खरा हे बाजूला ठेवू, पण स्ट्राउजरला मधला माणूसच नको होता हे नक्की.

मग त्याने असं यंत्र आखलं, जे फोन करणाऱ्याच्या इशाऱ्यावर आपोआप वर सरकेल, फिरेल आणि नेमक्या नंबरवर थांबेल. १८८९ मध्ये अर्ज केला आणि १८९१ मध्ये पेटंट मिळालं. ३ नोव्हेंबर १८९२ ला इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावात त्याचं एक्स्चेंज सुरू झालं. ग्राहक होते साधारण ७५.

गंमत म्हणजे या सुरुवातीच्या फोनना डायल नव्हती, बटणं होती! ५७ लावायचा तर दशकाचं बटण ५ वेळा आणि एककाचं ७ वेळा दाबायचं. गोल फिरणारी डायल त्याच्या कंपनीतल्या इंजिनिअर्सनी १८९६ च्या सुमारास आणली.

पण तोवर स्ट्राउजर बाहेर पडत होता. १८९६ मध्ये त्याने पेटंट १,८०० डॉलरला विकली आणि १८९८ मध्ये कंपनीतला हिस्सा १०,००० डॉलरला. २६ मे १९०२ ला फ्लोरिडात तो वारला. पुढे १९१६ मध्ये बेल कंपनीने तीच पेटंट २५ लाख डॉलरना घेतली. स्ट्राउजरच्या हाती यातलं काहीच लागलं नाही.

यंत्र मात्र जगभर पसरलं. भारतात बंगळुरूच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजने स्ट्राउजर एक्स्चेंज बनवली. ब्रिटनमधलं शेवटचं तर १९९५ पर्यंत चालू होतं.

आता परत आपल्या तारेकडे.

१९६३ मध्ये अमेरिकेत टोनवाले बटणांचे फोन आले. स्ट्राउजर एक्स्चेंजला मात्र टोन कळत नव्हते, त्याला लाईन तोडून-जोडून दिलेले ठोकेच कळायचे. ५ साठी ५ ठोके, सेकंदाला साधारण १०. म्हणून बटणांच्या अनेक फोनमध्ये एक चिप बसवली, जी बटण दाबलं की डायलसारखेच ठोके पाठवते. ब्रिटनमध्ये तोडण्या-जोडण्याच्या वेळेचं प्रमाण २:१, तर अमेरिकेत जवळपास ६०:४०. एकच बोर्ड वेगवेगळ्या देशांत चालावा म्हणून काही लिंक हे प्रमाण ठरवतात, काही दोन आकड्यांमधला थांबा, तर काही पल्स की टोन ते.

ओळखायचं कसं?

१. आधी फोन लाईनवरून काढा. रिंग वाजताना चांगला झटका बसू शकतो.

२. बोर्डच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा.

३. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून लिंकचं प्रत्येक टोक कुठे जातं ते शोधा. एक टोक चिपच्या पिनला आणि दुसरं सप्लाय किंवा ग्राउंडला गेलं, तर ती बहुधा सेटिंगची लिंक. चिपवरचा नंबर शोधून डेटाशीटमध्ये त्या पिनचं काम बघा.

४. दोन्ही टोकं साध्याच ट्रॅकला जात असतील, तर ती फक्त एका ट्रॅकवरून उडी मारणारा पूल असू शकते. ती काढली तर फोन बंद पडू शकतो.

५. बदल करायचाच तर एका वेळी एकच लिंक, आणि आधी काय होतं ते लिहून ठेवा.

म्हणून कळत नाही तोवर तार कापू नका. कदाचित तिच्यामुळेच तुमचा फोन अजूनही स्ट्राउजरच्या यंत्राशी त्याच्याच भाषेत बोलू शकतो.