उद्योगमहर्षी लक्ष्मणराव किर्लोस्कर

रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे येथे आज मोठी औद्योगिक वसाहत आहे. कारखान्यांची धुराडी तेथील मुलांच्या नित्य परिचयाची आहेत. परंतु शतकापूर्वी आपल्या देशात बहुतेक यंत्रे विलायतेहून येत असत. ही स्थिती पालटण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत लक्ष्मणराव किर्लोस्कर हे अग्रगण्य होत.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. बालपणापासून त्यांना चित्रकलेचा नाद होता. त्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंगांतील भेद त्यांना ओळखता येत नसे. चित्रकार होण्याचे स्वप्न भंगले. तथापि ते खचले नाहीत. त्यांनी यांत्रिक रेखाटनाची विद्या आत्मसात केली आणि मुंबईतच तंत्रशाळेत शिक्षकाची नोकरी पत्करली. तेथे न्याय्य बढती डावलली जाताच त्यांनी ती नोकरी सोडली.

बेळगावी थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह सायकलींचा व्यापार करता करता त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र बनविले. पुढे लोखंडी नांगर तयार केला. परंतु लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर खपण्यास दोन वर्षे लागली! लक्ष्मणरावांनी धीर सोडला नाही. नांगरातील उणिवा शोधून ते त्या दूर करीत राहिले.

इतक्यात दुसरे संकट ओढवले. नगरपालिकेला जागा हवी असल्याने कारखाना हलवावा लागला. अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आश्रय दिला. १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळच्या निवडुंगाने भरलेल्या ओसाड माळावर त्यांनी नवा संसार मांडला. तीच आजची सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी होय.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. परदेशी मालाची आवक मंदावली. लोखंड आणि कोळसाही दुर्मीळ झाला. तरीही कारखाना तग धरून राहिला. विलायती नांगराच्या तोडीचा नांगर आपल्याच भूमीत मिळू लागला आणि मोडलेल्या भागासाठी सातासमुद्रापलीकडे पाहण्याची गरज उरली नाही. ज्या शेतकऱ्यांनी नांगराकडे पाठ फिरविली होती, त्यांच्याच शेतांत तो चालू लागला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. नवी वस्तू घडविण्यास बुद्धी लागते. परंतु ती लोकांच्या गळी उतरविण्यास त्याहूनही मोठा धीर लागतो, हेच त्यांचे चरित्र आपणांस शिकविते.