काशीतले सापेक्षतेचे गुरुकुल

नारळीकर हे आडनाव उच्चारताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे डॉ. जयंत नारळीकर उभे राहतात आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु जयंतरावांच्या जन्माआधीपासून, भारतात व्यापक सापेक्षता सिद्धांताचे नाव घेणारे जेमतेम मूठभर लोक होते त्या काळात, त्यांचे वडील प्रा. विष्णु वासुदेव नारळीकर काशीला बसून हा विषय शिकवीत होते, त्यात संशोधन करीत होते आणि इतरांकडून करवून घेत होते. आज या विषयात भारतीयांचे जे स्थान आहे, त्याच्या पायाचे काही चिरे त्यांनी बसवले आहेत.

विष्णु नारळीकरांचा जन्म २६ सप्टेंबर १९०८ रोजी कोल्हापुरात झाला. घराणे शास्त्री-पंडितांचे, वडील वासुदेवशास्त्री संस्कृतचे जाणकार. मुलाचा ओढा मात्र गणिताकडे होता. मुंबईत बी.एस्सी.ची पदवी उत्तम रीतीने मिळवून १९२८ साली ते केंब्रिजला गेले. केंब्रिजची ट्रायपॉस परीक्षा म्हणजे त्या काळातील महाराष्ट्राच्या दृष्टीने विद्वत्तेचे एव्हरेस्टच होते. रँग्लर परांजपे यांच्यापासून रँग्लर ही पदवी येथे बिरुदासारखी नावापुढे लागत असे. १९३० साली विशेष प्राविण्याच्या तारांकनासह नारळीकर रँग्लर झाले. पुढे आयझॅक न्यूटन विद्यार्थिवृत्ती आणि रॅले पारितोषिकही त्यांनी मिळवले.

केंब्रिजमध्ये तेव्हा सर आर्थर एडिंग्टन यांचा काळ होता. १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळून जाताना वाकतो, हे आइनस्टाइनचे भाकीत ज्यांच्या निरीक्षणांनी पडताळले गेले, तेच हे एडिंग्टन. त्यांच्या सहवासात नारळीकरांची सापेक्षतेशी जवळीक वाढली. आणखी काही वर्षे तिथे राहिले असते तर पाश्चात्त्य विज्ञानजगतात त्यांचे नाव कितीतरी अधिक गाजले असते, असे मानायला जागा आहे. पण बनारस हिंदू विश्वविद्यालयाचे संस्थापक पंडित मदनमोहन मालवीय देशभरातून निवडक माणसे हेरून काशीला आणीत होते. त्यांचे बोलावणे आले आणि १९३२ साली, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, नारळीकर तेथील गणित विभागाचे प्रमुख झाले.

हा निर्णय सोपा नव्हता. काशीत विद्वत्तेची परंपरा होती, पण सापेक्षतेवर चर्चा करायला बरोबरीचा माणूस मिळणे दुरापास्त. परदेशी नियतकालिके बोटीने यायची, तीही उशिरा. त्यात भर म्हणजे खुद्द युरोपातही या विषयाला ओहोटी लागली होती. तरुण भौतिकशास्त्रज्ञ पुंजवादाकडे धावत होते. आइनस्टाइनची समीकरणे सुंदर खरी, परंतु ती सोडवणे महाकठीण आणि प्रयोगाने पडताळण्यासारखे त्यातून फारच थोडे हाती लागते, अशी सर्वसाधारण समजूत होती. त्यामुळे अनेक ठिकाणी हा विषय भौतिकीच्या दालनातून बाहेर पडून गणिताच्या ओसरीवर येऊन बसला होता. नारळीकरांनी त्याला तिथे सन्मानाने जागा दिली. चांगला विषय फॅशनमधून गेला म्हणून त्याचे महत्त्व कमी होत नाही, ही त्यांची धारणा त्यांच्या पुढील अठ्ठावीस वर्षांच्या कामातून दिसते.

१९४२ साली, देश ‘चले जाव’च्या आंदोलनाने ढवळून निघत असताना, प्रल्हाद चुनीलाल वैद्य हा चोवीस वर्षांचा गुजराती तरुण पत्नी आणि तान्ह्या मुलीसह काशीला आला. हाताशी नोकरी नव्हती, जवळच्या शिलकीवर दिवस काढायचे होते. नारळीकरांच्या हाताखाली सापेक्षता शिकायची, एवढाच हेतू. हा मुक्काम सुमारे दहा महिन्यांचा ठरला. पण तेवढ्या काळात जे घडले, ते विज्ञानाच्या इतिहासात नोंदले गेले.

प्रश्न वरकरणी साधा होता. १९१६ साली कार्ल श्वार्झशिल्ड यांनी आइनस्टाइनच्या समीकरणांचे पहिले अचूक उत्तर शोधले. एखाद्या गोल ताऱ्याभोवतीचे अवकाश कसे वाकलेले असते, हे त्यातून कळते. मात्र त्यात ताऱ्याबाहेर सारे रिकामे आहे, असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षातला तारा तर तळपत असतो. त्याच्यातून सतत प्रकाश बाहेर पडतो, प्रकाशात ऊर्जा असते आणि सापेक्षतेनुसार ऊर्जेलाही गुरुत्वाकर्षण असते. म्हणजे ताऱ्याबाहेरचे अवकाश रिकामे नाहीच, शिवाय प्रकाश फेकता फेकता ताऱ्याचे वस्तुमानही घटत जाते. मग अशा तळपणाऱ्या ताऱ्याचे गुरुत्वक्षेत्र कसे असेल? नारळीकरांच्या मार्गदर्शनाखाली वैद्यांनी या प्रश्नाचे उत्तर शोधले आणि १९४३ साली ‘करंट सायन्स’मध्ये ते प्रसिद्ध झाले. जगभरचे शास्त्रज्ञ त्याला वैद्य मेट्रिक म्हणून ओळखतात.

त्या वेळी या उत्तराचा उपयोग काय, असे कोणी विचारले असते तर सांगण्यासारखे फारसे नव्हते. सूर्य प्रकाशाच्या रूपाने दर सेकंदाला सुमारे ४० लाख टन वस्तुमान गमावतो, पण त्याच्या अफाट आकारापुढे ते नगण्यच. १९६३ साली क्वासारांचा शोध लागला, प्रचंड वस्तुमान स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने कोसळते तेव्हा काय होते, हा प्रश्न ऐरणीवर आला आणि वीस वर्षे पडून राहिलेले काशीचे उत्तर एकाएकी जगाला हवेसे झाले. पुढे कृष्णविवरे प्रारण टाकत टाकत क्षीण होतात, असे हॉकिंग यांनी दाखवल्यावर त्याही अभ्यासात ते कामी आले. मेट्रिकला नाव वैद्यांचे लागले, आणि ते योग्यच होते.

के. आर. करमरकर हे काशीच्या गुरुकुलातील दुसरे महत्त्वाचे नाव. एकाच अवकाशाचे वर्णन वेगवेगळ्या निर्देशकांत केले की समीकरणांचे रूप पार पालटते. मग एखाद्या जागी दिसणारी विकृती खरी, की केवळ वर्णनाच्या पद्धतीमुळे भासणारी? नकाशा कोणत्याही पद्धतीने काढला तरी कोल्हापूर आणि पुणे यांच्यातले प्रत्यक्ष अंतर बदलत नाही. तशाच, निर्देशक बदलले तरी न बदलणाऱ्या राशी हाताशी असल्या तर हा निवाडा करता येतो. नारळीकर आणि करमरकर यांनी १९४९ साली वक्रतेच्या अशा १४ राशींचा संच मांडला. पुढे कित्येक दशकांनी, संगणकावर हे काम होऊ लागले तेव्हा, अभ्यासकांना या जुन्या निबंधाची आठवण झाली. १९४८ साली करमरकरांनी स्वतंत्रपणे मांडलेली एक अट अतिघन ताऱ्यांची प्रारूपे रचताना आजही वापरली जाते.

नारळीकरांचे घरही या गुरुकुलाचाच विस्तार होते. पत्नी सुमतीबाई संस्कृतच्या विदुषी. त्यांचे बंधू वसंत हुजूरबाजार पुढे नामवंत संख्याशास्त्रज्ञ झाले. दुसरे बंधू मोरेश्वर काशीत शिकत असताना घरातल्या फळ्यावर लहानग्या जयंतासाठी आव्हान म्हणून गणिते लिहून ठेवीत. उत्तर सापडेपर्यंत ती पुसली जात नसत. अशा घरातून जयंत खगोलशास्त्राकडे गेले आणि धाकटे अनंत पदार्थविज्ञानाकडे, यात नवल नाही.

१९६० साली नारळीकरांनी काशी सोडली आणि राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद स्वीकारून ते अजमेरला गेले. योगायोग असा की, व्यापक सापेक्षतेला जगभर पुन्हा भरती आली ती नेमकी याच दशकात. १९६४ साली हॉइल-नारळीकर सिद्धांताची वार्ता सर्वत्र झळकली, तेव्हा त्या नावाचे थोरले धनी खडू-फळ्यापासून दूर, उमेदवारांच्या मुलाखती घेत होते. ओहोटीच्या काळात ज्याने किनारा राखला, भरती आली तेव्हा तोच किनाऱ्यावर नव्हता, ही रुखरुख त्यांचे चरित्र वाचणाऱ्याला लागून राहते.

पण ते परतले. १९६६ साली पुणे विद्यापीठात उपयोजित गणिताचे लोकमान्य टिळक प्राध्यापक म्हणून ते रुजू झाले आणि १९७३ पर्यंत त्यांनी पुन्हा विद्यार्थी घडवले. राजस्थानातून आलेले नरेश दधीच त्यांपैकीच एक. पुढे पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या ‘आयुका’च्या उभारणीत जयंतरावांबरोबर दधीच होते आणि नंतर ते संस्थेचे संचालकही झाले. १९६९ साली या विषयातील भारतीय अभ्यासकांची संघटना स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद नारळीकरांकडे आले. १९३२ साली एकट्याने सुरू केलेल्या प्रवासात आता एक संघटना उभी राहावी एवढी माणसे जमली होती.

१ एप्रिल १९९१ रोजी पुण्यात नारळीकरांचे निधन झाले. वैद्य २०१० साली गेले, २०२५ साली जयंत नारळीकरही गेले. संशोधकाची थोरवी त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सिद्धांतावरून मोजण्याची आपली सवय आहे. त्या फुटपट्टीने मोजल्यास विष्णु नारळीकरांच्या वाट्याला फार काही येत नाही. पण दहा महिन्यांसाठी आलेल्या बेरोजगार तरुणाला आयुष्यभर पुरेल असा प्रश्न हाती देणे आणि त्याच्या उत्तरावर स्वतःचे नाव न लावणे, हे मोजायला वेगळी फुटपट्टी लागते. ती आपल्याकडे असायला हवी.