जयपालसिंग मुंडा : नावासाठी झगडलेला शिक्षक

मुंडा लोक आपल्या भाषेत स्वतःला ‘होरो’ म्हणतात, संताळ ‘होड’ म्हणतात आणि हो जमातीचे लोक नुसतेच ‘हो’ म्हणतात. तिन्ही शब्दांचे मूळ एक व अर्थही एकच : माणूस. बाहेरच्यांनी मात्र छोटा नागपूरच्या पठारावरील या लोकांना ‘कोल’ असे तुच्छतादर्शक नाव दिले. १८४५ मध्ये रांचीत आलेल्या गॉस्नर मिशनच्या बंधूंच्या तोंडीही तेच नाव रुळले. जो स्वतःला माणूस म्हणतो, त्याला जगाने कोणत्या नावाने हाक मारावी? हा प्रश्न भारताच्या संविधान सभेत धिटाईने विचारणारा मनुष्य त्याच पठारावर जन्मला. आयुष्याच्या पूर्वार्धात तो शिक्षक होता. त्याचे नाव जयपालसिंग मुंडा.

खुंटीजवळच्या टकरा गावी एका मुंडा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नोंदींत जन्मतारीख ३ जानेवारी १९०३ अशी आढळते. घरात त्यांना प्रमोद म्हणत. जयपालसिंग हे नाव शाळेच्या दाखल्यातून आले आणि तेच कायम राहिले. ज्याने पुढे आपल्या लोकांच्या नावासाठी वाद घातला, त्याचे स्वतःचे नावही असे दुसऱ्यांनी दिलेले होते.

खुंटीचा तो मुलूख तेव्हा ताज्या जखमेचा होता. जमिनी हिरावणाऱ्यांविरुद्ध उठलेल्या बिरसा मुंडांचा ९ जून १९०० रोजी रांचीच्या तुरुंगात मृत्यू झाला होता. ख्रिस्ती मंडळ्यांचे त्या भागातील कामही जमिनीच्या प्रश्नापासून वेगळे राहू शकले नाही. १८८५ मध्ये तेथे आलेले जेझुइट फादर कॉन्स्टंट लीव्हन्स कुळांच्या बाजूने कोर्टकचेऱ्यांत उभे राहिले. १९०८ च्या छोटा नागपूर कूळकायद्याच्या घडणीत फादर जॉन हॉफमन यांचा वाटा होता. जयपालसिंग वाढले ते अशा वातावरणात.

रांचीच्या अँग्लिकन सेंट पॉल शाळेचे प्रमुख कॅनन कॉसग्रेव्ह यांनी या मुलाची बुद्धी हेरली आणि १९१८ मध्ये ते त्याला इंग्लंडला घेऊन गेले. मिशनरी घडवणाऱ्या कँटरबरीच्या सेंट ऑगस्टीन महाविद्यालयात जयपालसिंग काही काळ राहिले व तेथून ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात गेले. पाळकाचा झगा त्यांनी घातला नाही. हॉकीत मात्र विद्यापीठाचा ‘ब्लू’ हा मान मिळवला आणि १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये ते भारतीय संघाचे कर्णधार झाले. त्या स्पर्धेत भारताने २९ गोल केले व स्वतःवर एकही होऊ दिला नाही. जयपालसिंगांनी मात्र अंतिम सामन्याआधीच संघ सोडला होता. भारताचे ऑलिंपिकमधील हॉकीचे पहिले सुवर्णपदक त्यांच्या संघाने जिंकले, तेव्हा ते मैदानावर नव्हते. आय. सी. एस.चे प्रशिक्षणही त्यांनी अर्ध्यावर सोडले. हातातले पूर्ण होण्याआधी सोडण्याचा हा प्रसंग त्यांच्या आयुष्यातील शेवटचा ठरला नाही.

काही काळ तेल कंपनीत नोकरी केल्यावर १९३४ मध्ये ते गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घानातील अचिमोटा येथे वाणिज्याचे शिक्षक म्हणून गेले. अचिमोटाच्या बोधचिन्हावर पियानोच्या काळ्या व पांढऱ्या पट्ट्या आहेत. दोन्ही वाजल्यावाचून सुसंवाद साधत नाही, ही संस्थापकांपैकी एक असलेल्या आफ्रिकी शिक्षणतज्ज्ञ जेम्स अ‍ॅग्री यांची शिकवण. तेथे इंग्रजी विद्येबरोबर आफ्रिकेच्या भाषा व कला यांनाही मानाचे स्थान होते. शिकण्यासाठी आपले मूळ टाकून द्यावे लागत नाही, ही गोष्ट रांचीच्या या शिक्षकाने तेथे रोज डोळ्यांनी पाहिली. पुढे ते रायपूरच्या राजकुमार कॉलेजात अध्यापनासाठी आले. ज्यांच्या बापजाद्यांनी आदिवासींवर राज्य केले, त्या संस्थानिकांच्या मुलांना आता एक मुंडा शिक्षक शिकवू लागला. त्यानंतर बिकानेर संस्थानात त्यांना उच्च अधिकारपद मिळाले.

सुखाची नोकरी व दरबारी मान हाती असताना जानेवारी १९३९ मध्ये रांचीत आदिवासी महासभेचे अधिवेशन भरले आणि अध्यक्षपदासाठी जयपालसिंगांना पाचारण झाले. नहेम्या राजवाड्यातून यरुशलेमेच्या पडक्या तटाकडे गेला, त्याची आठवण वाचकांना येथे व्हावी. त्याच्याप्रमाणे यांनाही आधी पडझड पाहावी लागली आणि ती पडझड आपल्या ख्रिस्ती लोकांतही होती. सुशिक्षित लूथरन व अँग्लिकन तरुणांचा पुढाकार असलेला उन्नती समाज एकीकडे, कॅथलिकांची सभा दुसरीकडे, किसान सभा तिसरीकडे. एकाच रक्ताच्या व एकाच दुःखाच्या लोकांत चर्चच्या भिंती उभ्या होत्या आणि ख्रिस्ती न झालेले बांधव या सर्वांकडे संशयाने पाहत. या संघटना महासभेत नुकत्याच एकत्र आल्या होत्या. ती मोट टिकवणारा मनुष्य हवा होता. जयपालसिंग बाप्तिस्मा झालेले ख्रिस्ती होते, तरी त्यांनी ख्रिस्ती लोकांचा पक्ष काढला नाही. सरना मानणारा, लूथरन, कॅथलिक यांना एका नावाखाली बसवले : आदिवासी. लोकांनी त्यांना ‘मरङ गोमके’, म्हणजे थोर नेता, असे नाव दिले.

१९४६ च्या प्रांतिक निवडणुकीत त्यांचा पराभव झाला, पण बिहारमधून ते संविधान सभेवर गेले. १९ डिसेंबर १९४६ रोजी तेथे बोलताना त्यांनी आपण जंगली असल्याचे अभिमानाने सांगितले आणि आदिवासींना लोकशाही शिकवण्याची गरज नाही, ती त्यांच्याकडून शिकावी, अशी भूमिका मांडली. एका शिक्षकाने त्या दिवशी सगळ्या सभागृहाला बाकावर बसवले.

पण खरा वाद शब्दाचा होता. मुंबईचे समाजशास्त्रज्ञ डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९४३ च्या आपल्या ग्रंथात या जमातींना मागासलेले हिंदू ठरवले होते. संविधानाच्या मसुद्यात ‘अनुसूचित जमाती’ ही संज्ञा आली. तिच्या हिंदी रूपात ‘वनजाती’सारखा शब्द योजला जात आहे हे पाहून जयपालसिंग उसळले. वनात राहणारा तो रानटी, असा दर्प त्यांना त्या शब्दाला येत होता. ‘आदिवासी’ या शब्दात त्यांना प्रतिष्ठा दिसत होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उत्तरही वजनदार होते. ‘आदिवासी’ हा ‘अस्पृश्य’सारखा मोघम शब्द आहे, त्याला कायद्यात निश्चित अर्थ नाही, ज्यांना हक्क द्यायचे त्यांची यादी नेमकी हवी, असे त्यांचे म्हणणे होते. भाषांतराच्या कामात आयुष्य घालवणाऱ्याला या वादातील दोन्ही बाजू ओळखीच्या वाटतात. एक शब्द अचूक असतो, दुसरा आपला असतो. आणि प्रत्येक वेळी दोन्ही गुण एकाच शब्दात मिळत नाहीत. संविधानाने अचूक शब्द निवडला. त्या शब्दाच्या आधारे आदिवासींना राखीव जागा व संरक्षण मिळाले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

नेत्याच्या वाट्याला असे दुःखही येते की जे कोणत्याही भाषणाने फिटत नाही. खरसावां संस्थान ओडिशात विलीन करण्याला विरोध म्हणून १ जानेवारी १९४८ रोजी तेथे मोठा जमाव जमला. जयपालसिंग येणार, या आशेने लोक दूरदूरच्या गावांतून चालत आले होते. ते पोहोचले नाहीत. पोलिसांच्या गोळ्या आल्या आणि अनेक माणसे मेली. आजही तेथे नववर्षाचा पहिला दिवस शोकाचा असतो.

महासभेतून झारखंड पक्ष जन्मला. त्याचे दार बिगर-आदिवासींनाही उघडे होते आणि निशाणी होती कोंबडा. १९५२ च्या निवडणुकीत बिहार विधानसभेत त्याला ३२ जागा मिळून तो प्रमुख विरोधी पक्ष झाला. मात्र १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने स्वतंत्र झारखंडाची मागणी अमान्य केली. आदिवासी त्या प्रदेशात अल्पसंख्य आहेत व तेही अनेक भाषांत विभागलेले आहेत, हे आयोगाचे एक कारण होते. भाषेच्या ज्या तत्त्वाने १ मे १९६० रोजी आपल्याला महाराष्ट्र राज्य दिले, तेच तत्त्व मुंडारी, संताळी, कुरुख व खडिया बोलणाऱ्या या लोकांच्या आड आले, हे मराठी वाचकाने ध्यानात घ्यावे.

पुढे पक्ष ओसरू लागला. १९६२ मध्ये जागा २० वर आल्या. १९६३ मध्ये जयपालसिंगांनी झारखंड पक्ष काँग्रेसमध्ये विलीन केला आणि बिहारच्या मंत्रिमंडळात त्यांना अल्पकाळ स्थान मिळाले. राज्य हाती आले नाही आणि पक्षही गेला. अनेक सोबत्यांना हा विश्वासघात वाटला. सत्तेत जाऊनच काही साधेल असा त्यांचा हिशेब असावा, असे त्यांच्या बाजूने म्हणता येते. पण तो हिशेब चुकला, हे नाकारता येत नाही. खासदार म्हणून ते अखेरपर्यंत निवडून येत राहिले. २० मार्च १९७० रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

झारखंड राज्य १५ नोव्हेंबर २००० रोजी, बिरसा मुंडांच्या जयंतीदिनी अस्तित्वात आले. जयपालसिंगांनी मागितलेल्या विस्तीर्ण प्रदेशापैकी त्यात फक्त बिहारचा भाग होता. २०२१ मध्ये त्या राज्याने त्यांच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू करून आदिवासी विद्यार्थ्यांना परदेशी विद्यापीठांत पाठवण्यास आरंभ केला. राजकारणातील त्यांचे अपयश ठाऊक असूनही त्यांच्यातील शिक्षकाची ही आठवण राखली गेली, हे योग्य झाले.

आणि तो शब्द? संविधानात तो आला नाही. पण महाराष्ट्र शासनाच्या खात्याचे नाव ‘आदिवासी विकास विभाग’ असेच आहे, आणि ठाणे-नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत लोक स्वतःची ओळख त्याच शब्दाने सांगतात. आपल्या मंडळ्यांनीही यातून एक धडा घ्यावा. सुवार्ता घेऊन ज्यांच्या दारी जायचे, त्यांना आपण कोणत्या नावाने हाक मारतो, हे आधी तपासावे. गॉस्नरच्या बंधूंनी ‘कोल’ लोकांसाठी प्राण वेचले, यात शंका नाही. परंतु ज्यांच्यासाठी ते झिजले, ते लोक स्वतःला ‘माणूस’ म्हणत होते.