ज्या आईनं पोराला युद्धावर जाऊ दिलं, तिला त्याचं स्मारक पूर्ण करायला जवळपास 18 वर्षं लागली

ऑगस्ट 1914. पहिलं महायुद्ध नुकतंच पेटलेलं. बर्लिनमधल्या कोलविट्झ कुटुंबातला धाकटा पोरगा पीटर सैन्यात जायचंच म्हणून हट्टाला पेटला. वय अवघं 18. सज्ञान नसल्यामुळं वडिलांची परवानगी हवी होती आणि वडील नाही म्हणत होते. पोरानं आईकडं पाहिलं. आईनं त्याच्यासाठी शब्द टाकला, वडिलांचा नाईलाज झाला.

ती आई म्हणजे जर्मनीच्या मोठ्या चित्रकार आणि शिल्पकार केटे कोलविट्झ.

केटे यांचा जन्म 1867 चा. नवरा कार्ल डॉक्टर, दवाखाना कामगार वस्तीत. तिथं येणारी गरीब माणसं, थकलेल्या आया, आजारी लेकरं हेच केटे यांच्या चित्रांचे विषय होते.

ऑक्टोबरमध्ये पीटर आघाडीवर गेला. त्याच महिन्यात बेल्जियममध्ये मारला गेला.

घरी त्याची खोली तशीच ठेवली गेली. आपणच त्याला जाऊ दिलं, ही सल केटे यांना आयुष्यभर सोडून गेली नाही. डिसेंबरमध्ये त्यांनी स्मारकाचं काम हाती घेतलं. पण मनासारखं होईना. 1919 मध्ये त्यांनी ते सोडून दिलं. पुढं पुन्हा सुरू केलं.

मधल्या काळात त्या बदलल्या होत्या. 1918 मध्ये जर्मनी हरत आलेली असताना आणखी तरुणांना लढायला बोलावण्यात आलं, तेव्हा केटे यांनी वर्तमानपत्रातून उघड विरोध केला.

अखेर 1932 मध्ये बेल्जियममधल्या सैनिकांच्या दफनभूमीत स्मारक उभं राहिलं. त्यात बंदूक नाही, झेंडा नाही, पीटरसुद्धा नाही. गुडघे टेकून बसलेले फक्त आई आणि बाप. चेहरे केटे आणि कार्ल यांचेच.

पुढच्याच वर्षी हिटलर सत्तेत आला. केटे यांना प्रशियाच्या कला अकादमीतून बाहेर पडावं लागलं. 1940 मध्ये कार्ल गेले. थोरल्या मुलानं आपल्या पोराचं नावही पीटर ठेवलं होतं. 1942 मध्ये दुसऱ्या महायुद्धात तोही रशियाच्या आघाडीवर मारला गेला. 1943 मध्ये बॉम्बहल्ल्यात बर्लिनचं घरही गेलं.

22 एप्रिल 1945 ला केटे यांचं निधन झालं. युरोपातलं युद्ध थांबायला तेव्हा जेमतेम दोन आठवडे उरले होते.

ते दगडी आईबाप आज बेल्जियममधल्या व्लाडस्लो गावच्या दफनभूमीत आहेत. समोर हजारो पोरांच्या कबरी. त्यातच एक पीटरची.